उभ्या गाडीतल्या दुपारी

कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मागच्या भिंतीला लागून माझी गाडी उभी असे. त्या वर्षी बहुतेक रविवारी दुपारी मी आणि वरच्या मजल्यावरचे काका तिच्यात बसलेले असू. इंजिन बंद, काचा खाली. समोरच्या भिंतीवर ओलीचा एक जुना डाग होता. खालच्या कोपऱ्यातून निघून तो वळणे घेत वर गेला होता आणि टाकीच्या पाइपापाशी संपत होता. जेवणानंतर, डोळे जरा जड झालेले असताना, तो डाग घाटासारखा दिसे. आम्ही त्याच्याकडे बघत बसत असू.

काका बसले की आधी पट्टा लावत.

"काका, गाडी उभी आहे."

"उभ्या गाड्यांनाच येऊन धडकतात लोक. मी पाहिलंय."

पाहिले होतेच. विम्यासाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. आयुष्यभर चेमटलेले पत्रे पाहिलेल्या माणसाला धडधाकट गाडी दिसली की भरून येते, हे मला त्यांच्यामुळे कळले. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. आता घेऊन उपयोगही नव्हता. साखरेने त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब केले होते आणि डॉक्टरांनी त्यांना स्कूटरसुद्धा विकायला लावली होती. समोरचा डाग त्यांना दिसत होता की माझ्या वर्णनावर ते विश्वास ठेवत होते, हे मी कधी विचारले नाही.

गाडी लहान होती, पण टर्बोची होती. टर्बो म्हणजे इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची युक्ती. धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबते, आणि गाडीच्या अंगात ताकद येते. मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. वाया गेलेल्या गोष्टींतून ताकद काढणे हा आमचाही धंदा असल्यामुळे मला ही कल्पना फार आवडली होती. ही ताकद लगेच मात्र येत नाही. पाय दाबला की गाडी क्षणभर विचार करते आणि मग एकदम मागून कुणी हात लावल्यासारखी पुढे सरकते. काकांना तो हात हवा असे. शहरात तो फारसा लागत नाही. कर्वे रस्त्यावर पाय दाबायची सोय नसते, आणि पाठीला काही लागलेच तर ते मागच्या रिक्षाचे चाक असते.

म्हणून आम्ही दुपारी गाडीत बसून पुढे काय बसवायचे याचा विचार करत असू. दोन गोष्टी आधीच झाल्या होत्या. एक, डॅशबोर्डवर टर्बोचा दाब दाखवणारे छोटे घड्याळ. दुसरी, इंटरकूलर, म्हणजे टर्बोने तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारी जाळी. ती पुढच्या बंपरच्या तोंडामागे बसते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर तिचे पोट भरते. तिसरी गोष्ट कोणती, यावर आमचे जमत नव्हते. काकांना रीमॅप हवे होते. गाडीच्या संगणकाला नव्या सूचना द्यायच्या, की तीच गाडी जास्त जोरात ओढते. मला ब्रेक बदलायचे होते.

"ब्रेक?" काका म्हणत. "सर, तुम्ही थांबण्यासाठी गाडी घेतलीत? मग बाक घ्यायचा होता बागेतला."

"पळणारी गाडी थांबायलाही हवी ना."

"आधी पळू तर द्या तिला. न पळणाऱ्या गाडीचे ब्रेक म्हणजे न बोलणाऱ्या माणसाचे माफीपत्र."

यानंतर आम्ही दोघेही डागाच्या तिसऱ्या वळणाकडे बघत बसू. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होई, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती घाटातून वर येणाऱ्या ट्रकच्या हॉर्नसारखी विरत जाई. अशा दुपारी किती गाड्या आम्ही त्या भिंतीवरून वर नेल्या असतील. सगळ्या एकाच रंगाच्या होत्या आणि एकही गरम झाली नाही.

मग काकांच्या मुलाने हडपसरला मोठ्या संकुलात घर घेतले. दिवाळीच्या आत काकांनी तिकडे जायचे ठरले. त्यांनी ठरवले नव्हते, ठरले होते. ते खाली आले, पट्टा लावला आणि म्हणाले, "तिसरी गोष्ट जाण्याआधी ठरवू. आणि ठरवण्याआधी मला एकदा घाट चढायचाय. खरा. ही भिंत पुरे झाली. चढावर तो हात पाठीला लागला की मग तुम्ही मला खुशाल हडपसरला सोडा."

आम्ही दसऱ्यानंतरचा रविवार धरला. ताम्हिणीला जायचे.

मध्ये दसरा होता. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना कुठलीही गोष्ट आपोआप झालेली खपत नसे. पाण्याचा नवा पंप त्यांनी फीत कापून सुरू केला होता, आणि पंपाने त्याचा राग धरून दुसऱ्याच दिवशी संप केला होता. त्या वर्षी त्यांनी सामुदायिक वाहनपूजा काढली. मांडव, माइक, आणि 'वाहन हे केवळ यंत्र नसून' या शब्दांनी सुरू झालेले भाषण. यंत्र नसून काय, ते शेवटपर्यंत कळले नाही. मार्केट यार्डातून टेंपोभर झेंडू आला होता. सगळ्या वाहनांना सारखा मान मिळावा म्हणून सगळ्या माळा एकाच मापाच्या होत्या. स्कूटर माळेखाली दिसेनाशा झाल्या. माझ्या गाडीच्या पुढे ती जाड माळ दुहेरी करून, मध्ये आंब्याची पाने खोचून, बंपरच्या तोंडावर तारेने घट्ट आवळून बांधण्यात आली. अध्यक्षांनी स्वतः तार पिळली. टाळ्या झाल्या.

माळ काढायचा विषय मी घरी काढून पाहिला.

"अहो, दसऱ्याची माळ कुणी काढतं का?" बायको म्हणाली. "गळेल तेव्हा आपोआप गळेल."

देवाधर्माबद्दल माझी मते वर्गात सगळ्यांना ठाऊक होती. घरात ती कुणी विचारत नसे. माळ राहिली.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मुळशीचे पाणी उजवीकडून बरोबर चालत होते. रस्त्याच्या कडेला गवत पिवळे पडू लागले होते आणि धुके पाण्यावरून उठून झाडांत शिरत होते. काका काच खाली करून हवा तोंडावर घेत होते. मी त्यांना काय काय दिसते ते सांगत होतो. ते मध्येच माझे वाक्य दुरुस्त करत. "धबधबा नाही म्हणायचं. आता ती नुसती धार असेल." असायची धारच. घाट उतरताना गाडी सुरेख पळाली, पण उतारावर बादलीही पळते. खाली कोकणच्या बाजूला आम्ही गाडी वळवली. काकांनी पट्टा एकदा ओढून पाहिला.

"चला."

पहिल्या वळणानंतर मी पाय दाबला. गाडीने विचार केला. आम्ही वाट पाहिली. गाडी विचारच करत राहिली.

"काटा?" काकांनी विचारले. टर्बोचे घड्याळ त्यांना दिसत नसे.

"अर्ध्यावर."

"दाबा."

"दाबलंय."

"आता?"

"अर्ध्याच्याही खाली."

मागून भाजीचा रिकामा टेंपो आला आणि आम्हाला ओलांडून गेला. काकांनी टेंपोचा आवाज दूर जाऊ दिला. मग, अपघाताचा अहवाल सांगावा तशा आवाजात म्हणाले, "इंटरकूलर कमी पडतोय. मोठा घ्यावा लागेल." पुढच्या वळणावर त्यांनी टर्बोही मोठा घेतला. त्याच्या पुढच्या वळणावर म्हणाले, "किंवा ही गाडीच घाटाची नाही." हे त्यांनी अगदी हळू म्हटले. घाट निम्मा संपला होता आणि दिवाळी जवळ आली होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या वळणावर एक चहाची टपरी होती. मी गाडी बाजूला घेतली. तापलेल्या पत्र्याचा वास येत होता, आणि त्यात झेंडू शिजल्याचा. आम्ही बाकावर बसलो. समोर दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. तिच्यातून कुठे तरी पाणी वाजत होते, आणि दरी आमच्याकडे हळूहळू वर येते आहे असे वाटत होते. चहा झाला तरी आम्ही तसेच बसून राहिलो.

"शेळी," काका म्हणाले.

"कुठे?"

"तोंडाचा आवाज येतोय. काही तरी खातेय."

टपरीची शेळी आमच्या गाडीपुढे उभी राहून माळ खात होती. एका टोकापासून शिस्तीत, आंब्याची पाने वगळून. मी उठलो तशी टपरीवाली बाई हसली. "खाऊ द्या की. तिचा बी दसरा हाय. काल एक जीप सफाचट केली तिनं."

मी मुकाट्याने खाली बसलो. देवाच्या माळेला आपण हात लावायचा नसतो, पण शेळीबद्दल घरी काही बोलणे झाले नव्हते. झेंडू कमी होत गेला तशी त्यामागची बंपरची काळी फट दिसू लागली, आणि फटीत इंटरकूलरची चंदेरी जाळी. मी तिच्याकडे पाहत राहिलो. मग काकांना सांगितले.

"माळ कुठे होती म्हणालात?"

"बंपरच्या तोंडावर. दुहेरी."

"आणि तुम्ही मला धबधबे सांगत होतात!" काका म्हणाले. मग त्यांना हसू आले आणि ते डोळे पुसत बसले. "अध्यक्षांनी नाकच बांधलं हो तिचं. टाळ्या वाजवून."

शेळीने तार आणि पाने ठेवली. मी ती काढून गाडीत ठेवली आणि आम्ही निघालो.

वळण संपले आणि सरळ चढ आला. मी पाय दाबला. गाडीने विचार केला. मग तो हात आला. मोठा, शांत, दोघांच्या पाठीला एकदम लागलेला. कारवीची झुडपे दोन्ही बाजूंनी मागे वाहू लागली, रस्ता समोरून उचलला गेल्यासारखा वर येत राहिला, आणि बारीक शीळ घातल्यासारखा टर्बोचा आवाज सुरू झाला. मी वाट पाहत होतो, पण काकांनी काटा विचारला नाही. त्यांनी डोळे मिटले होते. माथ्यावर येईपर्यंत ते तसेच होते. थांबल्यामुळे इंजिन गार झाले होते, हेही खरे. शेळीला किती श्रेय द्यायचे यावर इतिहासकाराने निर्णय देऊ नये.

पौड मागे पडल्यावर काका म्हणाले, "ब्रेक घ्या."

"रीमॅप नको?"

"मी शेजारी असतो तोवर ठीक आहे. तुम्ही वळणावर शिरताना मी श्वास रोखतो, ते तुम्हाला ऐकू येतं आणि तुमचा पाय उचलतो. तुमच्या लक्षात आलेलं नाही. आता कोण रोखणार?"

पुढच्या वळणाला ते श्वास रोखतात का, हे मी ऐकण्याचा प्रयत्न केला. रोखला. माझा पाय उचलला गेला.

ते हडपसरला गेल्यावर मी ब्रेक बसवले. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा सबंध शहर ओलांडून गेलो. टर्बो एकदाही जागा झाला नाही, ब्रेक मात्र भरपूर लागले. संकुलाच्या दाराशी काका उभे होते. मी त्यांच्या चपलांपाशी गाडी थांबवली.

"थांबते बरी," ते म्हणाले आणि आत बसले.

पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये जागा मिळाली. मी इंजिन बंद केले, काचा खाली घेतल्या. समोर नवी कोरी, पांढरी भिंत होती.

"काय दिसतंय?" काकांनी विचारले.

"काही नाही. इथे ओल नाही."

"नवी इमारत आहे," काका म्हणाले. "येईल."

त्यांनी पट्टा लावला. मग मीही लावला.