मावशीचं गायब नेटवर्क कार्ड

मावशीचा जुना लॅपटॉप काही केल्या इंटरनेटला जोडला जाईना, म्हणून भाचा सकाळपासून त्याच्याशी झटापट करत बसला होता. मावशी त्याला ना मदत करत होती ना हटकत होती. शेजारी बसून निवांत वाटाणे सोलत होती.

त्याने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, बॅटरी काढून परत बसवली, सगळ्या सेटिंग्ज पालथ्या घातल्या. लॅपटॉपचं आपलं एकच पालुपद, नेटवर्क कार्ड सापडत नाही. शेवटी वैतागून त्याने तो उपडा केला आणि मागचं झाकण उघडलं. कार्डाची जागा रिकामी होती. तिथल्या दोन बारीक वायरींच्या टोकांना कुणीतरी नीटनेटकी चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती.

"हे कार्ड काढलं कुणी?"

"मी," मावशी म्हणाली. "बटणांच्या डब्यात आहे."

मावशीने उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. अख्ख्या गावाचे फोन तिने जोडून दिले, लोकांच्या शिव्याही गोड आवाजात ऐकून घेतल्या. निवृत्त झाली तर घरच्यांनी तिला व्हिडिओ कॉलला जुंपलं. रोज कुणीतरी स्क्रीनवर तोंड दाखवायचं, जेवलीस का म्हणून विचारायचं आणि ती उत्तर देईपर्यंत गायब व्हायचं.

"अगं, पण सगळे तुझी वाट बघतात," भाचा काकुळतीला येऊन म्हणाला. "दे ते कार्ड, बसवतो."

"झाकण लाव," मावशी म्हणाली. "वाट बघणाऱ्यांना माझ्या घराचा पत्ता ठाऊक आहे. आणि दारावरची बेल मी अजून काढलेली नाही."