आता वरणभात

शलाका पहिल्यांदा आमच्या दिल्लीतल्या, द्वारकेच्या घरी आली, तेव्हा तिने माझ्या मुलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मल्हार वीस वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे, जोडीला फिट्स, आणि बिथरला की तो स्वतःचंच मनगट चावतो. बाकीचे लोक आले की आधी हसत त्याच्या अंगावर धावतात. ही मात्र सोफ्यावर बसून मलाच विचारत राहिली, “काकू, तो बिथरला की तुम्ही काय बोलता? बिल्कुल तसंच करून दाखवा ना.”

मला भारी अवघडल्यासारखं झालं, पण दाखवलं. त्याच्या पाठीवर हात फिरवत मी म्हणते, “झालं रे झालं, आता वरणभात.” लहानपणी इंजेक्शन असो की केस कापणं, संकट सरलं की घरी जाऊन वरणभात, असा आमचा मायलेकांचा करार होता.

शलाका केस कोऑर्डिनेटर, म्हणजे मल्हारचे डॉक्टर, शिक्षिका, स्पीच थेरपिस्ट या सगळ्यांची मोट बांधणारी. जन्म दिल्लीतला, त्यामुळे मी ‘फडताळ’ म्हटलं की ती विचारायची, “म्हणजे अलमारी ना?” मला बरं वाटायचं. निदान एका बाबतीत तरी ती माझ्या मागे होती.

ती येण्याआधी डॉक्टरांनी गोळी वाढवली की मल्हार वर्गात पेंगायचा, शिक्षिका त्याला हट्टी ठरवायच्या, आणि त्यांची तक्रार घेऊन मी पुन्हा डॉक्टरांच्या दारात. शलाका म्हणाली, “हे लोक एकमेकांशी बोलतच नाहीत, काकू. तुम्ही यांच्या कुरियर झाल्या आहात.” तिने सगळ्यांना आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं. सोसायटीचा गार्ड रामआशीषसुद्धा खुर्चीवर. डॉक्टर प्रश्न तिला विचारत होते आणि मी चहा गाळत होते. धावपळीने मी दमत होते हे खरं, पण किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. आता त्या तिच्याकडे गेल्या, आणि मी जळत होते. सरळच सांगते, जळत होते.

“अगं, पोरगा सुधारतोय आणि तू तोंड पाडून काय बसतेस?” हे म्हणायचे. यांना काय कळणार?

एकदा आम्ही तिघं मेट्रोने निघालो होतो. तपासणीच्या वेळी जवानाचा हात अंगाला लागला आणि मल्हार फतकल मारून खाली बसला, मनगट तोंडात. माझी पर्स अजून मशीनमध्ये होती. मी पोहोचेपर्यंत शलाका त्याच्याजवळ गेली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “झालं रे झालं, आता वरणभात.” हुबेहूब माझा सूर! मल्हार उठला आणि तिचा हात धरून चालू लागला. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर माझा तोल सुटला. “ते माझं वाक्य आहे!”

“तुमचंच आहे, काकू. म्हणून तर चालतं. मी सगळ्यांना शिकवलंय. डॉक्टरांना पण.”

“कशाला? मी आहे ना!”

ती हळूच म्हणाली, “तुम्ही नेहमी असणार, असं धरून मला काम नाही करता येत.”

यावर रागवायचं तरी कसं? हीच भीती उशाला घेऊन आम्ही दोघं झोपतो, फक्त बोलत नाही.

जाताना दारात चपला घालत ती म्हणाली, “आणि माझ्या एकटीवर जळू नका, काकू. तुम्हाला जळायला अजून चार-पाच लोक मिळाले पाहिजेत. मग माझी सुट्टी.” म्हणजे पठ्ठीला सगळं कळत होतं.

यंदा तिच्या नवऱ्याची बदली झाली. जाण्याआधी मी तिला जेवायला बोलावलं, वरणभातच केला. निघताना तिने मल्हारकडे पाहिलं नाही, त्यानेही पाहिलं नाही. मला म्हणाली, “चलो काकू, येते.” आता तिकडच्या कुठल्या तरी आईला ती नाटक करून दाखवायला लावत असेल. त्या बाईचाही मला हेवा वाटतो.

परवा मल्हार खाली बाकावर बसला होता. वीज गेली, जनरेटर धडधडला, आणि त्याची किंकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. मी अनवाणीच जिना उतरले. शेवटच्या वळणावर आवाज ऐकू आला, “झाला रे झाला, अब वरनभात.” रामआशीष त्याच्याशेजारी उकिडवा बसून पाठीवर हात फिरवत होता. उच्चारांची पार वाट लागली होती, पण मल्हारने मनगट सोडलं होतं.

आता याच्यावरही जळायचं आलं. पण मी पुढे गेले नाही. तशीच मागे फिरले, वर आले आणि कुकर लावला.