बाकुलीच्या घरचं वर्ज्य

माहाजांगात लग्न असो की मयत, चुलीवर पातेली चढायची ती बाकुलीचीच. वरच्या डोंगराळ मुलखातून ती नवऱ्यासोबत या बंदरात आली, नवरा गेला, ती इथेच मुरली. हाताला चव होती, पण लोक तिला बोलवायचे ते तिच्या डोक्यासाठी. या बेटावर घराघराच्या पूर्वजांनी काही ना काही वर्ज्य करून ठेवलंय आणि कुणाचा पूर्वज कशानं रागावेल याचा नेम नाही. मशिदीमागच्या गल्लीला डुक्कर नको, चर्चमधल्या पाळकबाईंच्या माहेरी लसूण नको, आणि ज्याच्या अंगात जुना राजा येतो त्या म्हाताऱ्याला वाम मासा दिसलेलाही खपत नाही. बाकुलीला सगळं तोंडपाठ.

तिची मुलगी फारा मशिदीमागच्या हमिदूवर भाळली, तेव्हा बाकुलीनं लग्नाच्या महिनाभर आधी तयारी सुरू केली. हमिदूच्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या आजीचा, झैनाबूचा, आणि ती नाही म्हणाली की विषय संपला. म्हणून बाकुलीनं डुकराचं मांस कधी न शिजलेली कोरी पातेली आणली, कोंबड्या मशिदीतल्या माणसाकडून कापून घेतल्या. तिचा थोरला भाऊ रामारू दोन दिवस बसनं प्रवास करून, खांद्यावर शाल घेऊन, घामानं निथळत आला. किनाऱ्यावरचे लोक तोंडात घास धरून बोलतात, असं त्याचं मत होतं. त्याचं बोलणं ऐकून झैनाबूनं विचारलं होतं, की डोंगरातली माणसं बोलतात की गरम भात फुंकतात.

शनिवारी सकाळी मुलाकडची मंडळी गात गात आली. पुढे झैनाबू, आणि तिच्या हातात दोरी, दोरीला तिच्या कळपातला सगळ्यात देखणा बोकड, गळ्यात फुलं. बोकड ऐटीत अंगणात शिरला आणि निवडून ठेवलेला पाला खाऊ लागला.

बाकुलीचा डाव हातातच राहिला. बोकड खाणं सोडाच, तिच्या घरच्या अंगणात त्याचं पाऊलही चालत नव्हतं. गावभर विचारत फिरणाऱ्या बाईनं स्वतःचंच तेवढं सांगितलं नव्हतं.

रामारूनं डोक्यावरची टोपी काढली आणि हे लग्न होणार नाही, असं शांतपणे जाहीर केलं. फारा भिंतीला टेकली. झैनाबूला वाटलं, नजराण्याला नावं ठेवताहेत.

"काय खोट आहे माझ्या बोकडात?"

"खोट माझ्यात आहे, आजी," बाकुली पुढे झाली. "तुमचं सगळं विचारलं, आमचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे बोकड चालत नाही."

झैनाबूनं दोरी आखडून बोकडाला मागे ओढलं. "तीस वर्षं आमच्याकडे रांधतेस. आमच्यातल्या कुणीच तुला विचारलं नाही?"

झैनाबूला मनापासून लाज वाटली, आणि तिची लाज नेहमी शिव्यांच्या वाटेनं बाहेर पडायची. तिनं मुलांना, सुनांना, शेवटी बोकडालाही झापलं आणि त्याला तीन घरं पलीकडे नेऊन बांधायला लावलं. पूर्वजांना सांगून पाणी शिंपडेपर्यंत या अंगणात कुणी जेवायचं नाही, असं रामारूनं बजावलं. मग पातेली उचलून रस्त्यावर मांडली. रामारू खापरपणजोबापासून एकेक नाव घेत पाणी शिंपडू लागला. नावं काही संपेनात, तेव्हा मंडळींनी जेवायला सुरुवात केली.

शेवटी तो झैनाबूसमोर येऊन बसला. "आजचा बोकड गेला, आजी. पण पोरगी जाणार तुमच्या अंगणात, आणि तिथे सात शेळ्या आहेत."

सगळ्यांचे घास थांबले. झैनाबूचा मुलांपेक्षा शेळ्यांवर जास्त जीव होता, हे तिची मुलंही मान्य करायची. तिनं हातातली तंगडी सावकाश संपवली, बोटं पुसली.

"हिची पोरं आईच्या घरचंही पाळणार. माझ्याच पतवंडांनी माझ्या दारात यायला कचरायचं, हे मला नको," ती म्हणाली. "शेळ्या उद्या बहिणीकडे जातील."

बाकुलीला रडू आवरेना. रडतच तिनं झैनाबूच्या ताटात भाताचा डोंगर केला.

"पुरे गं," झैनाबू तिला जवळ बसवत म्हणाली. "आता सांग, आणखी काय काय चालत नाही तुमच्याकडे? सगळं आत्ताच सांगून टाक, नाहीतर परवा माझ्या कोंबड्याही हाकलशील."