ओटीतला डावा कोपरा

कबड्डीत चढाई करणारीला टाळ्या मिळतात आणि कोपऱ्यात उभी राहून तिचा घोटा धरणारीला मुका मार. मी जळगावच्या एका कॉलेजात खेळ शिकवते, आणि दर हिवाळ्यात अमळनेर, पाचोरा, फैजपूर, धुळे असं एसटीने हिंडून संघासाठी बारावीच्या मुली शोधते. बाकीच्या कॉलेजांचे सर लोकही येतात. चहाचे कप धरून, 'आम्ही आपले सहज आलो' असा चेहरा करून मैदानाच्या कडेला बसतात. सगळे चढाईवाल्या मुलींवर टपलेले असतात. मी कोपरा शोधते. कोपरा मजबूत नसेल तर बाकीचा संघ म्हणजे नुसती आरडाओरड.

मुलगी हेरली की तिच्या घरी जायचं. तिथे आम्हा सगळ्यांचंच तोंड चुरूचुरू चालतं. हॉस्टेल, मेस, पुढे पोलीस भरती, सगळं एका दमात सांगायचं. माझं ठेवणीतलं वाक्य शेवटी यायचं: 'काही होत नाही हो, मी आहे ना.' त्या वाक्यावर मी कितीतरी आयांच्या मुली आणल्या. लोक मला धीट म्हणत. खरं सांगायचं तर भ्यायची वेळच आली नव्हती.

ही मुलगी मी अमळनेरला पाहिली. उंची बेताची, मांड्या भरलेल्या, पाय अनवाणी. चढाईवाली आत शिरली की बाकीच्या मुली मागे सरकायच्या, ही डाव्या कोपऱ्यात रुतून उभी. एकदा घोटा हाती लागला की समोरची हिला फरफटत नेवो, गुडघे सोलून निघोत, ही सोडायची नाही. मी तिथल्या तिथे ठरवलं, ही आपली.

त्याच रविवारी तिच्या गावी गेले. अमळनेरहून धुळ्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत जावं लागतं. वडील सुरतला कापडाच्या कारखान्यात, घरी आई आणि आजोबा. आबा खाटेवर बसून माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते. आई दाराला टेकून उभी होती. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं सगळं सांगून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, "इले काही लागनं ते?"

"काही होत नाही हो, मी आहे ना," मी म्हणाले.

ती आत गेली. मला वाटलं, नकार. बाहेर आली ती सूप घेऊन. सुपात तांदूळ, नारळ, खण. माझ्यासमोर उभी राहून तिने माझा अवतार वरपासून खालपर्यंत पाहिला. ट्रॅकपँट आणि जॅकेट. "पदर?" असं म्हणून ती क्षणभर अडली. मग दोरीवरची आपली धुतलेली साडी ओढून तिने तिचा पदर माझ्या खांद्यावरून आणला आणि टोक माझ्या हातात दिलं. मी पदर पसरला. तिने ओटी भरली.

"मनी आंडेर तुमनी ओटीमा टाकस, ताई," ती म्हणाली. "जशी ली जाई ऱ्हायनात, तशीच परत आनी द्या."

'लेक तुमच्या ओटीत टाकते' हे वाक्य आमच्याकडे लग्नात असतं. पाठवणीच्या वेळी मुलीची आई सासूला म्हणते आणि मांडवातली माणसं डोळे पुसतात. खेळायला पाठवताना ते कुणी म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मला नाही म्हणता येईना. ओटी परत करत नसतात. साडी तिची तिला दिली, तांदूळ जॅकेटच्या खिशात ओतले, नारळ नि खण सॅकमध्ये टाकले. परतीच्या एसटीत तो नारळ सारखा मांडीला लागत होता.

ते लागणं घरी आल्यावरही थांबलं नाही. मुलगी जूनमध्ये हॉस्टेलला आली, सरावाला लागली, आणि मॅटवर धप्प असा आवाज झाला की मी आधी ती कुठे आहे ते बघायचे. आधीही मुली पडतच होत्या की. पण त्यांना कुणी माझ्या पदरात घातलं नव्हतं. घरी नारळ कपाटावर तसाच. नवरा म्हणायचा, "त्यालाही हॉस्टेलची खोली देऊन टाक." मी हसायचे, पण फोडायला हात धजत नव्हता. मी तिला अवघड पकडींच्या सरावातून काहीतरी कारण काढून बाहेर ठेवू लागले. एकदा तिने धरलंच मला. "मॅडम, माले काबर बसाडी ठेवतस?" मी म्हणाले, ऊन लागलंय तुला. ढगाळ होतं त्या दिवशी.

धुळ्याच्या सामन्यात मात्र तिला बसवून ठेवणं शक्य नव्हतं. समोरची चढाईवाली दांडगी होती. उत्तरार्धात ती डावीकडे घुसली, हिने झेप घेऊन घोटा धरला, ती मुलगी तोल जाऊन हिच्यावरच आदळली. तिचा गुडघा हिच्या मानेच्या बाजूला बसलेला मी पाहिला. शिट्टी झाली. चढाईवाली उठू लागली, पण तिला उठता येईना, कारण हिचा हात अजून तिच्या घोट्याला होता. ही पालथी पडलेली, हलत नव्हती. पंचांनी एकेक बोट सोडवलं.

"मान हलवू नका!" मी ओरडले. ॲम्ब्युलन्सला फोन लावायचा म्हणून जॅकेटच्या खिशात हात घातला, तर शिवणीत अडकलेले तांदळाचे दाणे बोटांना लागले. इतक्या वेळा धुतलं होतं ते जॅकेट. मी देवाचं फारसं करणारी बाई नाही, पण त्या वेळी मला वाटलं, मोजून घ्यायला आलीय ही ओटी.

दवाखान्यात एक्स-रेचे फोटो काढले. ती शुद्धीवर आली होती. मान सुखरूप होती. खांद्याच्या पुढचं हाड, हसळी म्हणतात ते, मोडलं होतं. भरून येईल, डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी टाकला नाही, कारण आईला निरोप गेला होता आणि गाव जवळच होतं.

जिन्याशी उभी राहून मी तिची वाट पाहत होते, आणि फोटोच्या वेळी वाटली नाही एवढी भीती मला आता वाटत होती. ती आली. कापूस वेचतावेचता उठून आली असावी, केसांत तंतू होते. आधी आत जाऊन मुलीच्या पायाची बोटं हलवून घेतली, हाताची हलवून घेतली. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. माझ्या तोंडून ठेवणीतलं वाक्य निघणं शक्यच नव्हतं.

"घेऊन जा हिला," मी म्हणाले. "मला नाही जमणार. मला फार भीती वाटते हो." आणि दवाखान्याच्या जिन्यात, माझ्या सगळ्या संघादेखत, मी ढसाढसा रडले.

ती मुलीला घरी घेऊन गेली.

त्यानंतर फोन वाजला की मी दचकायचे. तिच्या गावाकडचा असला तर उचलायचे नाही. डाव्या कोपऱ्यात दुसरी मुलगी उभी करायचे आणि तिच्याकडे बघायचं टाळायचे.

हाड भरल्यावर एका सकाळी सराव चालू असताना दोघी मैदानात आल्या. मुलगी सरळ मुलींच्या घोळक्यात घुसली. आईने पिशवीतून नारळ काढला, तांदळाची पुरचुंडी काढली, आणि या खेपेला घडी केलेली साडीही. मी दोन पावलं मागे सरले.

"पुन्हा नका घालू ओटीत," मी म्हणाले. "जशीच्या तशी परत देईन, असं मी आता म्हणू शकत नाही."

"तवय तुमले भ्याव वाटे नही," ती म्हणाली, "म्हनीसन माले वाटे. रातभर नींद ये नही. आते तुमले वाटस ना?"

मी होय म्हणून मान हलवली.

तिने साडीची घडी मोडली, पदर माझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "मंग इले ली जावा."