‘वुई’साठी दोन शब्द

२००५ साली मी व्हर्जिनियातल्या हर्नडनला राहत होते. नवऱ्याला तिथे नोकरी होती आणि माझा व्हिसा मला नोकरी करू न देणारा. नागपूरला मी सात वर्षं कॉलेजात शिकवलं होतं, त्यामुळे दुपारचं रिकामं घर मला खायला उठायचं. शेवटी नवराच म्हणाला, पगार नसला तर नसू दे, कुठेतरी व्हॉलंटिअर कर. म्हणून गावाबाहेरच्या एका लहानशा कॉलेजच्या लायब्ररीत मी आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागले.

तिथला जुन्या कागदपत्रांचा विभाग सत्तरीच्या एक बाई सांभाळत. उंच, शिस्तीच्या, कागदाच्या आसपास पेन दिसलं तरी कपाळाला आठी घालणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक खोका ठेवला. त्यात मिस्किटो भाषेचे जुने शब्दसंग्रह होते. निकाराग्वा आणि होंडुरासच्या किनाऱ्यावर ही भाषा बोलतात, असं त्यांनी सांगितलं. नाव ऐकून मला डास आठवले आणि मी ते बोलूनही दाखवलं. बाई हसल्या नाहीत.

खोक्यातल्या काही याद्या त्या किनाऱ्यावर व्यापार करणाऱ्या इंग्रजांच्या होत्या, काही नंतर आलेल्या जर्मन मिशनऱ्यांच्या. मूळ याद्या कुठे होत्या कोण जाणे. आमच्याकडे होत्या त्या कुणीतरी वहीत हाताने उतरवून घेतलेल्या नकला, डावीकडे मिस्किटो शब्द आणि उजवीकडे इंग्रजी अर्थ. मी ते सगळं कॉम्प्युटरवर टाइप करायचं, आणि एक अक्षरही आपल्या मनाने सुधारायचं नाही.

पहिले दोन आठवडे मी नुसती गोंधळले. एका यादीत पाण्याचं स्पेलिंग एक, दुसऱ्यात भलतंच. मग मी माझ्यापुरत्या कागदावर प्रत्येक शब्द देवनागरीत लिहून बघू लागले. इंग्रजाने आपल्या कानाने लिहिलेला आणि जर्मनाने आपल्या कानाने लिहिलेला शब्द माझ्या कागदावर एकच निघाला, ‘ली’. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी नवऱ्याला मी जेवणाआधी तो कागद दाखवला. त्याने तो मन लावून वाचला आणि विचारलं, भाजी कसली आहे?

मग इंग्रजी ‘वुई’ आला. त्या अर्थापुढे वहीत दोन शब्द होते, ‘यावान’ आणि ‘यांग नानी’. पहिल्या शब्दावर पेन्सिलीने काट मारलेली होती. मी विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या की काट त्यांचीच. नक्कल करणाऱ्याने वरच्या ओळीतला शब्द चुकून खाली उतरवला असणार.

मी वही घेऊन जागेवर आले, पण टाइप करवेना. आमच्याकडे ‘आम्ही’ आहे आणि ‘आपण’ आहे. पाहुण्याला ‘आम्ही जेवतो’ म्हटलं तर त्याने उठून घरी जायचं, आणि ‘आपण जेवू’ म्हटलं तर हात धुवायला जायचं. इंग्रजीत दोन्हीला ‘वुई’. मी पुन्हा बाईंच्या टेबलाशी गेले आणि त्यांना हे समजावलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “माणसाला सगळीकडे आपलीच भाषा दिसते. मला पुरावा हवा.”

मला थोडा राग आला, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. विशेष म्हणजे पुरावा शोधायला त्या स्वतःच निघाल्या. आसपासच्या ज्या चर्चमध्ये मध्य अमेरिकेतले लोक येत, तिथे त्यांनी मिस्किटो बोलणारं कुणी हवं आहे अशा चिठ्ठ्या लावल्या. महिनाभराने एका शनिवारी सकाळी चाळिशीची एक बाई लायब्ररीत आली. एका बेकरीत कामाला होती. येताना नारळाचा पाव घेऊन आली होती आणि तिचं इंग्रजी मला अमेरिकनांच्या इंग्रजीपेक्षा लवकर कळत होतं. आपल्या भाषेच्या इतक्या जुन्या याद्या असतात हे तिला ठाऊक नव्हतं. ती बोट ठेवून एकेक शब्द मोठ्याने वाचत गेली आणि मधूनच स्वतःशी हसत होती. चाराला ‘वालवाल’ म्हणतात, म्हणजे दोन दोन, हे तिने दोन्ही हातांची बोटं दाखवून सांगितलं. आभारासाठीचा ‘टिंकी’ मी इंग्रजीतून घुसलेला म्हणून वेगळा काढला होता. तो तिने परत आत घालायला लावला. तिची आजीही तेच म्हणायची, मग तो परका कसा?

लायब्ररीवाल्या बाईंनी मला खुणावलं. मी काहीच सुचवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. मी एवढंच विचारलं, “‘वुई विल ईट’ तुमच्या भाषेत कसं म्हणाल?”

ती सांगायला लागली आणि मध्येच थांबली. आमच्या दोघींकडे बघून म्हणाली, “तुम्हीसुद्धा जेवणार आहात का आमच्याबरोबर?”

मला हसू आवरेना. ‘आपण’ म्हणजे ‘यावान’ आणि ‘आम्ही’ म्हणजे ‘यांग नानी’ निघालं. लायब्ररीवाल्या बाईंनी खिशातून खोडरबर काढला, ‘यावान’वरची काट हलक्या हाताने पुसली आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला. मग त्या माझ्याकडे वळल्या. “दोन वर्षं मी ती वही सांभाळली आणि त्यातला बरोबर शब्द मीच खोडला,” त्या म्हणाल्या. सॉरी त्या म्हणाल्या नाहीत, पण पाव कापला तेव्हा पहिला तुकडा मला दिला. वाचनकक्षात खायला बंदी होती, म्हणून आम्ही तिघी पायऱ्यांवर बसलो.

त्यानंतर बेकरीवाली बाई दर शनिवारी येऊ लागली आणि उन्हाळ्याआधी सुरू झालेलं काम पानगळीत संपलं. तिला आम्ही पूर्ण यादीची छापील प्रत दिली. तिने तिथेच फोनकार्ड काढून लायब्ररीच्या फोनवरून किनाऱ्यावरच्या आपल्या आईला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि वाचायला लागली. चार-पाच शब्द झाले. मग पलीकडून म्हातारी जोरात बोलू लागली. काय म्हणते, आम्ही विचारलं.

“म्हणते, पाचवा शब्द चुकीचा लिहिलाय, आणि कुणी लिहिला त्याला फोनवर बोलवा.”