वैनगंगेतल्या बेटाची चार गावं

उन्हाळ्यात सावली गावाकडं वैनगंगा आटली की पात्रात रेतीचं बेट उघडं पडतं. लोक तिथं टरबुजाच्या वाड्या करतात अन पावसापर्यंत झोपड्या बांधून राहतात. मी टरबूज घ्यायला गेलो, तर पहिल्या झोपडीतला माणूस म्हणाला, "आधी बेट पाहा भाऊ, मंग टरबूज."

"सत्तर वर्षं ही नदी पाहून राह्यलो. मले काय दाखवतं तू?"

त्यानं ऐकलंच नाही. डोक्याला दुपट्टा गुंडाळून काठी टेकत पुढं निघाला. एकेक झोपडी म्हणजे त्याच्या हिशेबानं एकेक गाव. त्याचं स्वतःचं पहिलं. दुसरं बाजाराचं, तिथं एक कोंबडी बसली होती. तिसरं तालुक्याचं, कारण तिथं प्लास्टिकची खुर्ची होती. चौथ्याच्या अलीकडं रेतीत रेघ ओढलेली होती. तिथं तो थांबला.

"हे तुमी एकटेच पाहून या."

"काऊन?"

"भावाचं गाव हाये. दोन उन्हाळे झाले, आमी बोलत नाई."

असल्या हट्टी माणसांचा मला राग येतो. तरी गेलो अन पाहून आलो. तो रेघेवर तसाच उभा होता.

"काय पाहिलं?"

"एक माणूस. भात खाऊन राह्यला."

"कोराच? संगं भाजी नाई?"

"कोराच."

मला उन्हात उभं ठेवून तो आपल्या झोपडीकडं पळाला. वांग्याच्या भाजीची वाटी आणून माझ्या हातात दिली अन म्हणाला, "गाव नीट पाहून नाई झालं तुमचं. अजून एक चक्कर मारा."