स्पिरिटचा बोळा

मी मायक्रोस्कोपवरून उठलो की सर स्पिरिटचा बोळा घ्यायचे. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं वरचं भिंग, घासायचे. गोल गोल, देवाची भांडी घासावीत तसं. मग आपला डोळा लावायचे.

माझ्याच वर्गातला वसंता उठला की बोळा नाही.

"तेल लागतं रे," सर म्हणायचे आणि गोड हसायचे. मी महारवाड्यातला. एवढ्या गोड हसण्याचा मला लगेच संशय येतो. तेल आम्ही टाकायचो खालच्या भिंगाला, प्लेटच्या अंगाला. सर पुसायचे वरचं.

साल दुष्काळाचं. आई श्रीगोंद्याकडे खडी फोडत होती आणि मी नगरच्या कॉलेजात एम.एस्सी.ला मेसॉन नावाचे अणूहून बारीक कण शोधत होतो. मेसॉनचा मारा केलेल्या काचेच्या प्लेटी परदेशातून यायच्या. काचेवरच्या फोटोच्या लेपातून कण गेला की काळ्या ठिपक्यांची वाट उमटते. ती मापायची. पाय-मेसॉन येतो, थांबतो, मरतो. त्यातून म्यू नावाचा दुसरा कण निघतो.

पहिल्याच दिवशी सरांनी कामं वाटली. "पाय तू बघ. पाय तुमच्याकडेच असतात."

सगळे हसले. मीही हसलो. कोण म्हणे तोंडातून जन्मलं आणि कोण पायातून, ते एसटी स्टँडवर पोचल्यावर आठवलं. हसू तिथंच थुंकलो.

पण शिकवायचे झकास! "थांबलेल्या पायातून म्यू एका बाजूला उडाला. दुसऱ्या बाजूला काहीच दिसत नाही. म्हणून तिकडे काही गेलंच नाही का? गेलं. प्लेटवर उमटत नाही, एवढंच."

मी मान डोलावली. नजर बोळ्यावर.

मग मी माझा प्रयोग मांडला.

एक दिवस देखणा पाय सापडला. त्यातून म्यू, म्यूतून इलेक्ट्रॉन, सगळी साखळी. मी उठून खिडकीशी उभा राहिलो. सर आले.

"कोणी लावलंय हे?"

"वसंतानं, सर."

डोळा थेट आयपीसवर. "वा! वा रे वसंता!" हलेचनात.

"सर, वसंता सकाळीच कोपरगावला गेलाय. डोळा माझा हुता."

काय तो देखावा! हात स्पिरिटच्या बाटलीकडे गेला, थबकला. खिशातून रुमाल निघाला आणि सर आयपीस सोडून स्वतःची पापणी पुसायला लागले. मी टाळी वाजवायचीच बाकी होती.

"उद्यापासून मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात आहेत."

डिग्री गेली तर आईशेजारी खडी. तरी बाटली उचलली. सगळं स्पिरिट बेसिनमध्ये ओतलं.

"लावणार, सर. आन् पुसायला काय न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी शिपायानं कुलूप काढायच्या आधी मी दारात. स्टूल ओढलं, डोळा लावला. सर मागे उभे. मार्क कापले त्यांनी. कापू देत.

अजूनही माझ्यामागं कुणी गोड हसत काही पुसायला लागलं, की मी उठत नाही. चारचौघांत, मोठ्यानं विचारतो: तेल कुठंय? दाखवा.